लाईनवरच्या आजी

घरोघर जाऊन म्हाताऱ्या माणसांचं करणाऱ्या त्या बाईला सगळे सुसाटताई म्हणत. सकाळी एक घर, दुपारी दुसरं, संध्याकाळी तिसरं. पायाला भिंगरी आणि तोंडाचा पट्टा अखंड सुरू. अशा बाईच्या वाट्याला सकाळचं घर नेमकं मुक्याचं आलं होतं.

तिथल्या आजींनी अडतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांचे ट्रंककॉल जोडून दिलेले. पण पाय मोडून अंथरुणाला खिळल्यापासून त्यांनी बोलणंच टाकलं होतं. आंघोळ घालू? "हं." दुखतंय का? "हं." डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि मन रमवा असं सांगितलं. मुलाने ते इतकं मनावर घेतलं, की रोज ऑफिसला निघताना तो दारातून दरडावायचा, "आई, आनंदात राहायचं, सांगून ठेवतो!" सुनेने कोडी आणली, रंगवायची वही आणली, शेवटी काचेच्या भांड्यात मासा आणला. आठवड्याभरात मासाही उदास दिसायला लागला.

एके दिवशी सुसाटताईला उशीर झाला. दुपारच्या घरी होते निवृत्त बसड्रायव्हर, वेळेच्या बाबतीत कर्दनकाळ. आजींचे पाय पुसता पुसता तिने ड्रायव्हरकाकांना फोन लावला आणि बोंब ठोकली, "काका! वीस मिनिटं! वी-स!"

"ओरडू नका," आवाज आला. ताईच्या हातातला टॉवेल गळून पडला. "फोन तोंडापासून चार बोटं लांब धरायचा. आणा इकडे."

आजींनी फोन घेतला, पाठ ताठ केली. "नमस्कार. कोण हवंय आपल्याला?"

"मला माझ्या जेवणाआधीच्या गोळ्या हव्यात!"

"गोळ्या निघाल्या आहेत. वीस मिनिटं प्रतीक्षा करावी." आणि फोन ठेवला.

दोन महिन्यांत पहिल्यांदा आजी एवढं बोलल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी काकांनीच फोन केला. ताई निघाली का, हे निमित्त. मग पाऊण तास ते हल्लीचे ड्रायव्हर वळणावर कशी माती खातात ते सांगत बसले. ताईच्या मनात आलं, संध्याकाळच्या शिवणवाल्या मावशी तरी भिंतीशी किती बोलणार? तिने तिघांनाही विचारलं, नंबर दिले. तिघांना एका फोनवर कसं घ्यायचं ते सुनेने दाखवलं. आजींना ते एकदाच दाखवावं लागलं.

पहिल्याच दिवशी भडका उडाला. "सात नंबरची बस तुमची?" मावशी कडाडल्या. "मला स्टॉपवर टाकून पुढे गेलात ते तुम्हीच!"

"हात दाखवला नसेल!"

"कुठला दाखवू? दोन्ही हातांत नवरीचे कपडे होते!"

आजींनी दोघांची लाईन तोडली. पाच मिनिटांनी पुन्हा जोडली. "आता बोला. एका वेळी एकाने."

ते भांडण तीन आठवडे पुरलं.

इकडे मुलगा ऑफिसातून आईला फोन करून थकला; लाईन सतत बिझी. आईला कोणी तरी भामटा गंडवतोय, या धास्तीने तो घरी धावत आला. बघतो तर आई वॉकर धरून खिडकीशी उभी. तिथे रेंज चांगली मिळते म्हणे. व्यायाम शिकवणारे महिनाभर पाया पडत होते, तेव्हा ती हलली नव्हती.

"आई, तू उभी आहेस!"

"हळू बोल. लाईनवर माणसं आहेत."

सगळंच सुतासारखं सरळ झालं असं नाही. काही सकाळी आजी पुन्हा "हं"वर यायच्या, फोनकडे पाठ करून पडायच्या. तेव्हा ताई कधी नव्हे ती गप्प, त्यांचा हात धरून बसायची. तिच्या जिवावर यायचं, पण बसायची.

एकदा फोन झाल्यावर आजी म्हणाल्या, "इथलं राहू दे. ड्रायव्हरसाहेबांकडे आत्ताच्या आत्ता जा."

"का हो? चांगले हसत तर होते."

"हसत होते. पण आज एकाही ड्रायव्हरला नावं ठेवली नाहीत."

ताई गेली. काका नाश्ता तसाच ठेवून बसले होते. बायकोला जाऊन त्या दिवशी वर्ष झालं होतं. ताईने त्यांच्या मुलीला बोलावून घेतलं आणि ती येईपर्यंत हलली नाही.

तेव्हापासून फोनवरचे आवाज ऐकून आजी रोज ताईच्या फेऱ्या बदलायला लागल्या. शेवटी ताईला कामावर पाठवणाऱ्या एजन्सीचे मॅनेजर तापले, "वेळापत्रक ठरवतो कोण? मी की त्या?"

"तुम्हीच की साहेब," ताई म्हणाली. "फक्त आजींना विचारून ठरवत जा."