मारुतीच्या माळेतली दोन पानं

"बाई, रुईचं झाड बोडकं झालं," मिस्बाहनं वर्गात शिरताशिरताच सांगितलं. शनिवार होता. माझ्या लक्षातच राहिलं नव्हतं.

मी छावणीतल्या एका शाळेत दुसरीला शिकवते. फुलपाखराचं जीवनचक्र चार्टवर बाण दाखवून शिकवायचा मला भारी कंटाळा. अंडं, अळी, कोश, फुलपाखरू. पोरं पाढ्यासारखं म्हणतात आणि विसरतात. म्हणून यंदा खरी अळी पाळायची ठरवली. मिस्बाहलाच ती सापडली, कंपाउंडमागच्या रुईवर. अंगभर काळे, पांढरे, पिवळे पट्टे. खोक्याला जाळी लावून आम्ही तिला वर्गात ठेवलं.

प्रिन्सिपल मॅडमना हे पसंत नव्हतं. "अळी मेली की पोरं रडणार आणि पॅरेंट्स माझ्या डोक्यावर बसणार. मेली तर प्रोजेक्ट बंद," असं त्यांनी आधीच बजावलं होतं.

आता अडचण अशी की ही अळी रुईचाच पाला खाते. रुईचा चीक विषारी. तो अंगात मुरला की पाखरं तिला तोंड लावत नाहीत, पुढं तिच्या फुलपाखरालाही नाही. आणि शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ घालतात. भक्तांनी पहाटेच झाड ओरबाडून नेलं होतं.

खोक्यात नुसते देठ उरले होते. पोरांनी पेरूचं पान देऊन पाहिलं, कढीपत्ता दिला, एकीनं डब्यातली मेथीची भाजीसुद्धा पुढं केली. अळीनं ढुंकून पाहिलं नाही. तिचा शनिवारचा उपास असंल, असं एकाचं म्हणणं पडलं. एरवी मी हसले असते. पण मधे रविवार होता, आणि तोवर ती टिकेल असं मला वाटत नव्हतं.

शाळा सुटल्यावर मिस्बाहच्या अम्मीला विचारून मी तिला आणि अळीच्या खोक्याला बरोबर घेतलं आणि कोपऱ्यावरचं मारुतीचं देऊळ गाठलं. मूर्तीच्या गळ्यात माळाच माळा. पण प्रत्येक पानावर शेंदरानं 'राम' लिहिलेलं. ते अळीला कसं द्यायचं? गुरवमामा मात्र पायरीवर बसून कोरी पानं ओवत होते. मी दोन पानं मागितली.

"शेवटची माळ हाये, बाई," ते म्हणाले. "तुमच्याच मॅडमची."

झालं! मागं वळून पाहते तर मॅडम तेलाची वाटी घेऊन उभ्या. आता पोरीसमोर बोलणी खायची, असं समजून मी सगळं सांगून टाकलं. मॅडमनी वाटी खाली ठेवली आणि खोक्यात वाकून पाहिलं.

"चीक लागला तर माझे हात चुरचुरतात," त्या मिस्बाहला म्हणाल्या. "ही खाते कशी?"

"मालूम नाय, मॅडम. पण दुसरं कुछ खातीच नाय. भूक लागली तरी नाय."

मॅडमनी क्षणभर मारुतीकडं पाहिलं. मग गुरवमामांना म्हणाल्या, "दोन पानं काढा. देव समजून घेईल. हिला नाही समजवता यायचं."

पान आत पडलं. अळीनं डोकं उचललं, इकडंतिकडं हलवलं आणि काठापासून कुरतडायला लागली. आम्ही चौघं पायरीवर दाटीवाटीनं वाकून बघत बसलो. मागं रांग खोळंबली तरी कुणी हलेना. असल्या अळ्या मी चिमटीनं नालीत टाकतो, असं गुरवमामा हळूच म्हणाले.

पुढं तिचा कोश झाला. हिरवट, त्यावर सोनेरी ठिपके. मॅडम रोज प्रार्थनेच्या आधी येऊन डोकावून जायच्या. एका सकाळी गणिताच्या तासाला कोश उकलला आणि नारिंगी फुलपाखरू बाहेर आलं. मला इतका आनंद झाला की मी गणित सोडूनच दिलं. मॅडमनी स्वतः खोकं उचललं आणि पोरांची वरात घेऊन रुईपाशी गेल्या. तिथं नवी पालवी फुटली होती.

हल्ली मॅडम माळेचं पान न पान उलटून बघतात. त्यांची माळ व्हायला उशीर लागतो आणि गुरवमामा कुरकुरतात. मीही एक शिकले. नव्या प्रोजेक्टला परवानगी हवी असली की मी ऑफिसात जात नाही. शनिवारी मॅडमना देवळातच गाठते.