ताकदीचं इंजेक्शन

सासूने माझं मनगट धरलं. धाकट्या जावेचं डोहाळजेवण होतं. बायका एकेक करून तिची ओटी भरत होत्या, माझा नंबर आला होता. मी नारळ उचलला, तेवढ्यात तिने हात आवळला.

"तू राहू दे वं. तुह्या हातानं नको. पोटातल्या लेकराले लागते."

खोलीभर बायका. सगळ्यांनी ऐकलं. पहाटेपासून राबून सगळा स्वयंपाक मी एकटीने केला होता. माझ्या हातच्या पुरणपोळ्या त्या लेकराला चालल्या, नारळ चालला नाही. जावेने मान खाली घातली. मी नारळ ठेवला आणि पानं वाढायला उठले. तेव्हा मी अशीच होते, ऐकून घेणारी.

साडीच्या आत माझं पोट निळं पडलेलं होतं. मूल होत नव्हतं, अंडी वाढावीत म्हणून हार्मोनची इंजेक्शनं चालू होती, सासरच्यांच्या ओळखीतल्या एका डॉक्टरने लावून दिलेली. मी ती घरीच स्वतःला टोचायची. नवऱ्याची तपासणी कधी झालीच नाही. सासू म्हणायची, "माह्या वाघाले काय तपासता?" डॉक्टर हसायचा. सुया माझ्याच पोटात. अंग सुजायचं, डोकं भणभणायचं, उगाच रडू कोसळायचं. रडले की सासू म्हणायची, "नाटकं करून राहिली."

वाघ रोज जिमला जायचा. दंड फुगावेत म्हणून तोही इंजेक्शन घ्यायचा. ताकदीचं. त्यात लपवाछपवी काही नव्हती, उलट मिरवायचा. ते कमरेत घ्यायचं असतं, त्याला स्वतःला जमेना. माझा हात बसलेला, म्हणून तेही काम माझ्यावर आलं. आधी माझ्या पोटात, मग त्याच्या कमरेत. सासू दारातून सांगायची, "हळू टोच, त्याले दुखन." मला दुखतं का, हे तिने एकदाही विचारलं नाही. घरात दोघं सुया घेत होतो. त्याचं ते मर्दाचं औषध, माझा तो बाईचा आजार.

ओळखीचा डॉक्टर बाहेरगावी गेला, म्हणून आम्ही धंतोली भागातल्या एका डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्या माझ्याशी बोलायच्या आधी नवऱ्याकडे वळल्या. "तुम्ही काही घेता का?" त्याने छाती काढून इंजेक्शनचं नाव सांगितलं. बाईंनी कपाळाला हात लावला.

मग त्यांनी नीट समजावलं. मेंदूखाली वाटाण्याएवढी ग्रंथी असते. तिचा हुकूम खाली पोहोचला तरच पुरुषाच्या वृषणात शुक्राणू तयार होतात. ताकदीचं हार्मोन बाहेरून भरत राहिलं की मेंदूला वाटतं, अंगात भरपूर आहे. हुकूम थांबतो. दंड फुगतात, बीज आटतं. दोघांची तपासणी झाली. त्याच्यात एकही शुक्राणू नव्हता.

"आणि माझं?" मी विचारलं.

"तुमचं सगळं ठीक आहे. इंजेक्शनांची गरजच नव्हती."

परत येताना गाडीत तो म्हणाला, "आईले सांगू नको. अन् तुहे इंजेक्शन चालू ठेव. बंद केले तं घरच्याईले शंका येईन."

त्याची इज्जत झाकायला मी पोट भोसकून घ्यायचं. एवढं सरळ मागत होता, जसा चहा मागावा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण गाडीत एकट्या त्याला ऐकवून मला काय मिळणार होतं? मला चार बायकांपुढे बोलायचं होतं. मी इंजेक्शनं बंद केली आणि जावेच्या बाळाच्या बारशाची वाट बघितली.

बारशाला मुद्दाम पुढे गेले, पाळण्याच्या दोरीला हात घातला. सासू भर बायकांत ओरडली, "काहून पुढं पुढं करून राहिली? वांझोटीनं पाळण्याले हात नाही लावत!"

"आई, वांझोटी मी नाही," मी म्हटलं. मोठ्याने, शेवटच्या बाईपर्यंत जाईल असं. "तुमच्या वाघातच बीज नाही. ताकदीच्या इंजेक्शननं गेलं. विचारा त्याईले, दारातच उभे आहेत."

मागून कोणीतरी फस्सकन हसलं. नवऱ्याचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. मला कीव आली नाही. बरं वाटलं. खूप बरं वाटलं.

त्याच दिवशी घर सोडलं. बुटीबोरीला सूतगिरणीत काम धरलं, तिथेच खोली केली. पुढे त्याने इंजेक्शन सोडलं, महिने गेले, बीज परत आलं. मग सासू त्याला घेऊन खोलीवर आली. "चाल वं घरी. आता त्याचं बरोबर झालं. झालं गेलं सोड."

"त्याईचं बरोबर झालं असन," मी म्हटलं. "माहं नाही झालं." आणि दार लावून घेतलं.

मला मूल हवंसं वाटतं, खोटं कशाला बोलू. पण त्यांचं नको. पाळी आली की त्या घरात सुतक पडायचं. आता पाळी आली की मी खूश होते. माझं अंडं वाया गेलं तरी चालेल, त्यांच्या वंशाच्या कामाला येणार नाही. घटस्फोटाचा अर्ज लावला आहे. वकील म्हणाले, "कारण जरा मोघम लिहू, घराण्याची बदनामी होते." मी त्यांना सांगितलं, जे झालं ते सगळं लिहा. इंजेक्शनाच्या नावासकट. न्यायाधीशांपुढे मी स्वतः उभी राहून सांगणार आहे, आणि तेव्हा नवऱ्याने तिथे हजर असलं पाहिजे.