विसरलेल्या चष्म्यांचा खण

सकाळपासून त्याने बायकोमागे धोशा लावला होता. मोठ्या कारखान्याने तिला दुप्पट पगार देऊ केला होता, वर ने-आण करायला गाडी. दुपारपर्यंत होकार कळवायचा होता आणि ही बाई 'बघू'च्या पुढे सरकत नव्हती. शेवटी तिला वळवायला तोच सोबत निघाला. सव्वीस वर्षांत महाशयांचे पाय पहिल्यांदाच तिच्या कामाच्या जागी लागले.

ती कृत्रिम डोळे रंगवायची. जागा कसली, एक खोली, एक खिडकी, दोन स्टुलं.

"यासाठी अडून बसलीयेस?" त्याने नाक मुरडलं.

तेवढ्यात काळा चष्मा लावलेली एक शिक्षिका आली. अपघातात तिचा एक डोळा गेला होता. बायकोने तिला चष्मा काढायला लावला आणि गुडघ्याला गुडघा भिडवून समोर बसली. शिक्षिकेचा जो शाबूत डोळा त्याने एका शब्दात 'काळा' म्हणून उडवला असता, त्यात बायकोला तपकिरी, मधाळ, कडेला राखाडी असं काय काय दिसत होतं. ते सगळं तिने कृत्रिम डोळ्यावर रंगवलं. शेवटी तिने तांबड्या रेशमाचा केसाहून बारीक तंतू काढला आणि शीर म्हणून पांढऱ्यावर बसवला. तो वाकून बघत राहिला.

वर पारदर्शक थर चढून डोळा तयार व्हायला दोन तास गेले. तो जागचा हलला नाही. डोळा बसवल्यावर शिक्षिकेने आरशात पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"आता वर्गात मान वर करून शिकवेन," ती म्हणाली आणि डोळे पुसत गेली. चष्मा टेबलावरच राहिला.

"अहो बाई, चष्मा!" तो दाराकडे धावला.

"राहू द्या हो. न्यायला कुणीच परत येत नाही," म्हणत बायकोने टेबलाचा खण ओढला. आत चष्मेच चष्मे. एक तर अगदी लहान मुलीचा, लाल काडीचा. तो त्याने उचलून पाहिला.

"घरी कधी बोलली नाहीस."

"तुम्ही पगारापलीकडे कधी विचारलंत?"

फोन वाजला. कारखान्याचा. तिचे हात रंगाने भरले होते, म्हणून त्यानेच उचलला.

"तुमच्याकडे माणसं समोर येऊन बसतात का हो?"

"छे! डोळे खोक्यांत भरून बाहेर जातात."

"मग ती नाही येणार," त्याने सांगितलं आणि बायकोकडे चोरून पाहिलं. ती हसत होती.

त्याने शिक्षिकेचा चष्मा खणात ठेवला. खण बंद होईना, तेव्हा बाकीचे हलक्या हाताने सारून त्याने जागा केली.