सगळ्या पिल्लांना एकच चमचा नाही

आमच्या काकूला लोक ‘कुत्रीवाली’ म्हणायचे. शिवी म्हणून.

आज तिचा स्मृतिदिन. म्हणून खरं काय घडलं ते लिहून ठेवते.

गोष्ट इंग्रज असतानाची, सीपी अँड बेरारची, म्हणजे मध्य प्रांत-वऱ्हाडची. जबलपूरला मदन महल स्टेशनजवळ आमचं घर. मी पहिलीत, काकू नवी सून.

अंगणात लाकडांच्या ढिगामागे चंदी कुत्री व्याली. पिल्लांची पोटं माठासारखी फुगलेली, शीमध्ये शेवयांसारखे जंत.

किळस आली? येऊ द्या. पिल्लं त्यानेच मरतात.

आजोबा दर रविवारी आम्हा पोरांना रांगेत उभं करून एरंडेल पाजायचे. लहान असो, मोठा असो, चमचा तोच. “आपल्या घरी भेदभाव नाही,” हा त्यांचा अभिमान.

त्या रविवारी तोच चमचा घेऊन ते पिल्लांकडे निघाले. एरंडेलात जंतांवर उतारा म्हणून तंबाखूचं पाणी मिसळलेलं.

काकू आडवी आली. डोक्यावर पदर, पण नजर वर.

“मामंजी, नाही द्यायचं.”

“काहून? पोरांना देतो, त्यांना काय झालं?”

“मागच्या खेपेची पिल्लं कुठं आहेत?”

“तू मला शिकवून राहिली?”

“हो.”

आमच्या घरात सुनेने असं ‘हो’ कधीच म्हटलं नव्हतं.

तिने पिल्लं टोपलीत घातली, मला सोबत घेतलं, चंदीला दोरी बांधली आणि टांग्याने थेट जनावरांचा दवाखाना गाठला. कंपाउंडर हसला, “बहूजी, यहाँ घोड़े-बैल आते हैं।”

“तो भैया, इनके भी चार ही पैर हैं।”

डॉक्टरांनी एकेक पिल्लू तोललं. वजनाप्रमाणे वेगळी पुडी. चंदीलाही औषध, कारण जंत आईकडूनच येतात. शी रोज उचला, हात धुवा, असं बजावलं.

सगळ्यात मरतुकड्या पिल्लाला मात्र पुडी नाही. “पहले ताक़त आने दो।”

घरी आल्यावर काकूला स्वयंपाकघर बंद. कुत्र्यांना शिवली ना! ती लाकडांपाशी बसून त्या पिल्लाला कापसाच्या बोळ्याने दूध पाजत राहिली.

आजोबा पुन्हा चमचा घेऊन आले. “यालाच काहून उपाशी ठेवलं औषधावाचून? थोडं माझं देतो.”

काकूने चमचा हातातून घेतला आणि विहिरीत टाकला.

आजोबा तिच्याशी बोलेनासे झाले. पिल्लू मात्र दूध ओढायला लागलं. मग काकूने ते पुन्हा नेलं, तोललं, त्याची पुडी आणली. सगळी पिल्लं जगली.

एका सकाळी आजोबा पाठमोरे उभे राहून म्हणाले, “त्या मरतुकड्याचं वजन किती भरलं गं?”

माफी म्हणायची तर एवढीच. काकूने वजन सांगितलं आणि चहा टाकायला स्वयंपाकघरात गेली. कोणी अडवलं नाही.

आजही शिकलेली माणसं मोठ्या कुत्र्याची गोळी अंदाजाने मोडून पिल्लाला देतात. नका देऊ. आधी पिल्लू तोला, डॉक्टरांना विचारा. घरचे हसले तर हसू द्या.

काकू, तुझ्यासाठी डोळे पुसत बसणार नाही. तुला ते चाललं नसतं.

मनापासून नमस्कार.