शंभराला एक कमी

आमच्या प्रयोगशाळेतले मदतनीस शाळेत सगळ्यांत जुने. पगडीचा रंग रोज वेगळा, खिशात काडेपेटी आणि तोंडात एकच वाक्य, "पहले देखो जी, फिर लिखो." प्रयोग न करताच एखादा मुलगा उत्तर लिहायला लागला, की ते त्याच्या वहीवर चक्क आपला पंजा ठेवतात. बीकर मात्र नातवाचं तोंड पुसावं तसे हळुवार पुसतात.

मी इथली विज्ञानाची बाई. नवऱ्याची बदली चंडीगडजवळ चंडीमंदिरला झाली म्हणून अलिबागहून इथे आले. गेल्या आठवड्यात नववीच्या मुलांनी उकळत्या पाण्याचं तापमान मोजलं. सगळ्यांनी पुस्तकातलं शंभर लिहिलं, एका मुलीने नव्याण्णव. मी तिच्या आकड्यावर लाल फुली मारली. पोर रडवेली झाली.

दुसऱ्या दिवशी तासाला गेले, तर मदतनिसांनी बर्नर पेटवूनच ठेवलेला. "आओ मॅडमजी." पाणी खळखळा उकळत होतं आणि पारा नव्याण्णववरून हलायला तयार नव्हता.

"आपका गाँव समंदर किनारे. हम ऊपर रहते हैं जी," ते मिशीत हसले. "ऊँचाई पे पानी थोड़ा पहले उबलता है."

नियम मला पाठ होता, आठवला मात्र नव्हता! वर्गाने टाळ्या पिटल्या आणि सगळ्यांत मोठ्याने मीच हसले. त्या मुलीची वही मागून घेतली, फुली खोडायला पेन उघडलं.

वहीवर पंजा आला. त्यांनी डोळ्यांनीच थर्मामीटर दाखवला.

मी वाकून पुन्हा पाहिलं. मग लिहिलं.