साक्षीदार नसलेला माळी

लेखणीची सवय नसताना ती या वयात हाती धरली, याबद्दल वाचकांनी क्षमा करावी.

अहमदपूरला आमच्या गल्लीच्या टोकाला एक गृहस्थ एकटेच राहतात; एसटीचे निवृत्त चालक. माझ्या मुलीने मला खुनाच्या रहस्याचा एक खेळ पाठवला होता. त्यात सांकेतिक चिठ्ठ्या, संशयितांचे जबाब आणि खुन्याचे नाव असलेले बंद पाकीट होते. रविवारी दुपारी ते माझ्याकडे खेळायला येत आणि बाराखडी पुटपुटत, बोटांची पेरे मोजत चिठ्ठ्या उलगडत.

खेळातल्या माळ्याचा जबाब होता, "खुनाच्या वेळी मी घरी एकटाच होतो." साक्षीदार कोणी नव्हता. मी त्याच्यावर बोट ठेवले.

"न्हाई सर, त्याला सोडा," ते म्हणाले. "एकटा मानूस साक्षीदार कुठून आणंल? बायको गेल्यापासून मी घरी हाय का न्हाई, कुनाला ठाव हाय?"

मी पाकीट उघडले. खुनी माळीच निघाला. त्याच्या चित्राचे कार्ड ते बराच वेळ हातात धरून बसले.

"खोटं बोलला की हो," ते हळूच म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून दिवेलागणीला ते आमच्या फाटकाशी थांबू लागले. "सर, घरीच चाललो बरं का," एवढेच सांगत. चहाला बोलावले तरी आत येत नसत.

आता मी लातूरला मुलीकडे कायमचा राहायला आलो आहे. दिवेलागणीला ते कोणाला सांगत असतील?