जुना झालाय म्हणून

घरांचे नकाशे काढून देणाऱ्या काकूंनी सकाळी लॅपटॉप उघडला आणि पडद्यावर पुन्हा हिरव्या रेघा नाचायला लागल्या. भिंत कुठली आणि रेघ कुठली, काही कळेना. काकूंच्या कपाळाची शीर ताडताड उडायला लागली. एरवी बाई मवाळ, पण कामात कुणी लुडबूड केली की त्यांचं डोकं फिरायचं.

रोग ओळखीचा होता. पडद्यावर चित्र उमटवणारा प्रोग्राम, म्हणजे ग्राफिक्सचा ड्रायव्हर, कुणीतरी नवा टाकला होता. या म्हाताऱ्या लॅपटॉपला नवा सोसत नाही. तो काढून टाकायचा आणि कंपनीने या मॉडेलसाठी केलेला शेवटचा जुना शोधून बसवायचा. मागे याच भानगडीत त्यांच्या रविवारचं खोबरं झालं होतं. तेव्हाच त्यांनी घरात सगळ्यांना बजावलं होतं, की अपडेटच्या बटणाला हात लावायचा नाही.

आणि घरात सगळे म्हणजे एकटे काका.

"बटण तुम्ही दाबलंत?"

काकांनी पेपरातून डोकं वर काढलं नाही. "तुला मदतच केली. तिथे लिहून आलं होतं, ड्रायव्हर जुना झालाय, बदला म्हणून."

काकूंनी दातओठ खात जुना ड्रायव्हर परत बसवला. रेघा गेल्या, राग गेला नाही.

"जुने झालात म्हणून ऑफिसनेही तुम्हाला घरी पाठवलं," त्या म्हणाल्या. "मी बदललं का तुम्हाला?"